मीठ फुटलेल्या रानात जिप्सम ओतू नका, आधी पाणी बाहेर काढा

प्रश्न (वाळवा, जि. सांगली) : दोन एकरांतलं निम्मं रान मीठ फुटून पांढरं पडलंय. ऊस उगवतो आणि जळतो. दुकानदार एकरी दहा पोती जिप्सम आणि ‘जमीन सुधारक’ बाटली सांगतो. हरियाणात परदेशी मदतीनं अशी जमीन सुधारली म्हणे, ते इकडे जमेल का?

उत्तर : बाटली आधी परत करा. पोती फोडली नसतील तर तीही.

पांढरी, भुसभुशीत पापडी म्हणजे बहुधा क्षारयुक्त जमीन. तिथं जिप्समचं काही काम नाही. जिप्सम लागतं चोपण जमिनीला, म्हणजे सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, १५ टक्क्यांच्या वर असेल तर. तेही दुकानदाराच्या अंदाजानं नाही. माती अहवालात जिप्समची गरज लिहिलेली असते, तिच्या निम्मी मात्रा पुरते. मे महिन्यात वरच्या थरात मिसळायचं, म्हणजे पावसाचं पाणी मिळतं. उभ्या उसात जिप्सम फेकणारे मी दरवर्षी बघतो. पैसे मातीत, आणि मीठ होतं तिथंच.

हरियाणाचं ऐकलंत ते खरं आहे. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून याच कामात आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी नेदरलँड्सच्या तज्ज्ञांबरोबर जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून खारं पाणी बाहेर काढलं. राजस्थानात चंबळच्या लाभक्षेत्रात कॅनडाच्या मदतीनं हेच झालं. डचांचा बराच मुलूख समुद्रसपाटीखाली, पाणी काढण्यात त्यांचा हात कोण धरणार!

पण तिकडचा आराखडा जसाच्या तसा उचलू नका. हरियाणातली माती गाळाची. आपली काळी चिकण माती पाणी सहज सोडत नाही, म्हणून नळ्या जवळजवळ लागतात. सगळ्या गावांना एकच अंतर सांगणारा ठेकेदार दारातूनच परत पाठवा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात विचारा. आणि एकट्यानं नळ्या घालू नका. तोंड नाल्याला सुटलं नाही, तर शेजाऱ्याच्या पाटाचं पाणी तुमच्याच रानात मुरणार. अनुदानाला गट करून सातबारा, आठ-अ आणि माती अहवाल घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा. हिस्सा किती ते तिथं कळेल.

नळ्या पडेपर्यंत बांधाकडेचे चर उकरा, पाटपाणी बंद करून ठिबक करा. आणि धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, करा, मी पुन्हा पुन्हा सांगतो, धैंचा! पहिल्या पावसावर एकरी २० किलो पेरा, ४५ ते ५० दिवसांत फुलायच्या आत गाडा. जून होऊ दिलात तर काटक्याच गाडाल. सलग तीन पावसाळे करा, मधे ऊस घालू नका.

मातीचा नमुना ० ते ३० आणि ३० ते ६० सेंमी असा वेगवेगळा, पीक निघाल्यावर घ्या. जिप्सम टाकून झाल्यावर घेतलेला नमुना मला दाखवू नका.