फारसीचं सर्टिफिकेट झालं, डिप्लोमाचा वर्ग सुरू होत नाही: माझं मत

ऐरोलीहून कुर्ल्यापर्यंत लोकलने लोंबकळत जाऊन तुम्ही फारसीचं सर्टिफिकेट केलंत. आता डिप्लोमाला ‘पुरेसे विद्यार्थी नाहीत’ म्हणून वाट बघायला सांगितलंय, आणि घरी सादी या जुन्या फारसी कवीचं ‘गुलिस्तान’ उघडलं की दुसऱ्या ओळीतच गाडी अडते. सोडून द्यावं का, असं विचारलंय तुम्ही. वाचताना माझंच जुनं दुखणं आठवलं. सोडू नका. पण वाटही बघू नका.

आधीच सांगून ठेवते, मी प्राध्यापक वगैरे नाही. ठाण्यात विम्याच्या कचेरीत नोकरी करते, फारसी शनिवार-रविवारची. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे मी सांगते ते तुमच्या ठिकाणी पडताळून घ्या. लिपी, साधे काळ, एज़ाफ़े (दोन शब्द जोडणारा ‘ए’चा उच्चार) हे तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही.

माझं जिथे अडलं त्या संस्थेचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारूही नका. खिडकीवरच्या बाईंनी एका लांबट वहीत माझं नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतला. म्हणाल्या, “पंधरा जण झाले की फोन करू.” फोन आला नाही. पुन्हा गेले तर वही नवीन, जुनी म्हणे ‘वर गेली’. पुन्हा नाव लिहिलं. पुढच्या वर्षी कळलं की मधल्यामध्ये अभ्यासक्रम बदललाय, माझं सर्टिफिकेट जुन्याचं, म्हणून पात्रतेचं पत्र आणा. पत्र देणारे म्हणतात, आधी भाषा विभागाचं लेखी आणा. भाषा विभागात शिपायाखेरीज कोणी नाही, कारण वर्गच चालू नाही! बरं, कुणी वाईट बोललं असंही नाही. बसा म्हणायचे, एकदा चहाही विचारला. काम तसूभर हललं नाही.

गेलेल्या वर्षाचं मला तितकंसं वाटत नाही. आमचे सर सोडून गेले, ते लागलं. सर तासिका तत्त्वावर होते. वर्ग नाही म्हणजे तास नाहीत, तास नाहीत म्हणजे मानधन नाही. किती दिवस थांबणार? गावी निघून गेले. सर्टिफिकेटच्या शेवटी शेवटी ते हौसेने आम्हाला सादीच्या हिकायती, म्हणजे गुलिस्तानातल्या छोट्या गोष्टी, वाचून दाखवायचे. झेरॉक्सवर पेन्सिलीने प्रत्येक एज़ाफ़ेखाली बारीक ज़ेर, म्हणजे ‘ए’ची खूण, काढायचे आणि वाक्य जिथे मोडतं तिथे एक तिरकी रेघ. बाकी काही नाही. पण एवढ्यावर सबंध पान उलगडायचं, कारण छापील मजकुरात एज़ाफ़े बहुधा दाखवलेलाच नसतो आणि जुन्या गद्यात एक वाक्य कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं, हे डोळ्यांना दिसत नाही. माझ्या झेरॉक्सवर त्या खुणा ज्या पानावर थांबल्या, त्याच्या पुढे मला कितीतरी दिवस जाता आलं नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की वर्गाच्या मागे लागू नका, शिक्षक धरून ठेवा. ज्यांनी सर्टिफिकेटला शिकवलं त्यांचा नंबर आजच घ्या, चौघं-पाचजण मिळून फी गोळा करा आणि आठवड्याला एक पान त्यांच्याबरोबर वाचा, ऑनलाइन का असेना. फुकट मागू नका. तासिकेवरच्या माणसाला आपण सगळेच फार गृहीत धरतो. डिप्लोमासाठी अर्जही करा, पण वहीत नाव लिहून येऊ नका. साध्या कागदावर दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता गुलिस्तानबद्दल, आणि हे काहींना पटणार नाही. ते 1258 सालचं पुस्तक आहे. यमक जुळवलेलं गद्य, मध्येच शेर, मध्येच अरबी वचनं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या फारसीची सुरुवात त्यानेच व्हायची, म्हणून अजूनही ते लवकर हातात देतात. त्यात अडलात म्हणजे तुम्ही कच्चे, असं मुळीच नाही. आधी ठरवा, फारसी हवीय कशाला?

बोलायला हवी असेल तर वर्गातली पुस्तकी भाषा पुरणार नाही. ‘मी-रवम’ (मी जातो) शिकून गेलेल्या माणसाला तेहरानचा माणूस ‘मीरम’ ऐकवतो, ‘नान’चं (पोळीचं) ‘नून’ करतो, कर्माला लागणाऱ्या ‘रा’चा नुसता ‘रो’ किंवा ‘ओ’ उरतो. यासाठी अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेचं फारसीचं मोफत ऑनलाइन साहित्य चांगलं आहे, बोली आणि लेखी दोन्ही रूपं देतात.

शिवकालीन, पेशवेकालीन कागद वाचायचे असतील तर रस्ता अगदी वेगळा. तिथे शिकस्ता, म्हणजे घाईची मोडी वळणाची लिपी, अक्षरांचे नुक्ते (टिंबं) अर्धे गायब, तारखा हिजरी नाहीतर बादशहाच्या जुलूस सनात, म्हणजे तो गादीवर बसल्यापासून मोजलेल्या वर्षांत. आजची इराणी पाठ्यपुस्तकं तिथे जवळजवळ निरुपयोगी, उलट गुलिस्तान बरंच कामाला येतं. माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे आपल्या कवी माधव जूलियनांचा, 1925 चा फारसी-मराठी कोश ग्रंथालयात मिळाला तर जरूर बघा. स्टाइनगासचा 1892 चा मोठा फारसी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो, हिंदुस्थानातले जुने अर्थ त्यात सापडतात. कविता वाचायची असेल तर गंजूर हे संकेतस्थळ. बस, तिथे बहुतेक सगळे जुने कवी आहेत.

बोलायची फारसी आणि जुन्या कागदांची, दोन्ही एकदम करायला जाऊ नका. निदान पहिलं वर्ष तरी.

तुम्ही लिहिलंय की वर्गातल्या मुंब्र्याच्या मुली झरझर वाचतात आणि तुम्हाला लाज वाटते. अहो, त्या लहानपणापासून उर्दू वाचतात, लिपी त्यांच्या हातातली आहे. फारसी क्रियापदं त्यांनाही तुमच्याइतकीच नवी. त्यांच्यापैकी एकीला वाचनाची जोडीदार करा. ती मोठ्याने वाचेल, तुम्ही व्याकरण सोडवा. माझं असंच जमलं आणि मैत्रीही टिकली.

अवांतर: वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटला गेलात तर इराणी खजुराचे खोके बघा. बाजूला ‘तारीख़-ए तोलीद’ आणि ‘तारीख़-ए एनक़ेज़ा’ छापलेलं असतं, म्हणजे कधी भरला आणि कधीपर्यंत चालेल. साल कधीकधी 1403 असं दिसेल. घाबरू नका, ती त्यांची सौर हिजरी कालगणना, 621 मिळवा की 2024. त्यांचं वर्ष मार्चमध्ये नवरोजला बदलतं, म्हणून पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीला 622 मिळवायचे. आकड्यांचा सराव होतो आणि खजूरही ताजा मिळतो. दुकानदार वैतागतो थोडा, पण एक खोका घेतला की गप्प.

फोर्टात कधी गेलात तर कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, दोन्हीकडे फारसी हस्तलिखितं आहेत. कुठली बघता येतील हे जाण्याआधी विचारून घ्या. ओळखपत्र न्या, आणि पेनऐवजी पेन्सिल.

शेवटचं, कुणीच सांगत नाही म्हणून. मोबाइलवर अरबी कीबोर्ड टाकला असेल तर आजच काढून फारसीचा टाका. दोन्हीकडचे ‘ये’ आणि ‘काफ़’ दिसायला जवळपास सारखे, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत. ऑनलाइन कोशात शब्द घालावा आणि उत्तर ‘सापडला नाही’ यावं, हे बऱ्याचदा त्यामुळेच होतं. फारसी कीबोर्डवर ‘नीम-फ़ासेले’ची, म्हणजे अर्ध्या जागेची कळही शोधून ठेवा, ‘मी-रवम’सारख्या रूपात ‘मी’ आणि पुढचं क्रियापद यांच्यामध्ये ती लागते.