गाडी खाली घेतली, पण लिंक बघितली काय?

प्रश्न: दादा, मी खानापूरचा. माझी हॅचबॅक दिवाळीत 40 मिमी खाली घेतली, गॅरेजवाल्यानं स्प्रिंगच कापून दिल्या. दिसायला भारी झाली, पण आता ब्रेकरवर पुढच्या उजव्या चाकाकडून टक टक आवाज येऊलाय आणि चोर्ला घाटात डाव्या वळणाला एक, उजव्या वळणाला वेगळीच वाटते. मित्र म्हणतोय स्टॅबिलायझर बार कमी पडतोय, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात जाड बार करून घे. घेऊ काय?

उत्तर: नका घेऊ, निदान आत्ता तरी. स्टॅबिलायझर बार म्हणजे यू आकाराची स्प्रिंग स्टीलची सळी, मधे दोन रबरी बुशात (रबराच्या कड्यात) बसलेली आणि दोन्ही टोकं लिंकनं, म्हणजे छोट्या जोडदांड्यानं, दोन्ही बाजूच्या सस्पेन्शनला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार बुशात नुसता फिरतो, पण एकच चाक वर गेलं किंवा गाडी वळणावर कलली की तो पिळतो आणि त्या पिळाच्या जोरानंच गाडीचं कलणं कमी होतं. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या खाली आल्या असतील तर उभ्या गाडीत बारवर जादा ताण काहीच येत नाही.

तुमच्या गाडीत मला शंका तिथंच आहे. ग्राइंडरनं कापलेल्या दोन स्प्रिंग सारख्या निघतीलच असं नाही. गाडी सपाट जागेवर उभी करा, टायरची हवा सारखी करा, ड्रायव्हर सीटवर तुमच्या वजनाचं माणूस बसवा आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, दोन्हीकडं. मग पिटवर घेऊन, चारी चाकांवर वजन तसंच ठेवून, एका बाजूच्या लिंकचा नट सोडा. लिंक हातानं सहज निघाली आणि परत बसली तर ठीक, आणि पान्याच्या दांडक्यानं ढकलून बसवावी लागत असेल तर बार उभ्या गाडीतच पिळलेला आहे असं समजा, डाव्या-उजव्या वळणाचा फरक बहुतेक त्यातूनच येतोय. जॅकवर एकच चाक उचलून ही तपासणी करू नका, तेव्हा बार पिळलेलाच असतो आणि काहीच कळत नाही.

आता आवाज. गाडी खाली आली की चाकाकडचा भाग चेसिसच्या मानानं वर सरकतो आणि बारचं टोक सोबत वर ओढलं जातं, लिंकचा कोन बिघडतो, तिचा छोटा बॉल जॉइंट हद्दीपर्यंत वाकडा चालतो आणि लवकर ढिला होतो. लिंक हातात धरून हलवा, खुळखुळ लागली तर बदला, जोडीनंच बदला. बार वर सरकल्यानं ड्राइव्ह शाफ्टला (चाक फिरवणारा दांडा) किंवा टाय रॉडला (चाक वळवणारा दांडा) घासतोय काय तेही टॉर्च लावून बघा, घासत असेल तर तिथं रंग उडून लोखंड चकचकीत दिसतं, आणि तसं दिसलं तर गाडी तशीच चालवू नका.

उंची कमी जास्त करता येणारी लिंक मिळते, पण घ्यायची कुठली ते गाडीवर ठरतं. लिंक जंपरवरून (शॉक अब्सॉर्बरवरून) खाली बारकडं लटकत असेल तर बार मूळ जागी आणायला थोडी लांब लिंक लागते, आणि लोअर आर्मवरून (चाकाला चेसिसशी जोडणारा खालचा दांडा) वर बारकडं उभी असेल तर थोडी आखूड. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-जंपरचा एकत्र सेट) टाकलेत तर लिंकची जागाच वेगळी असू शकते, मोजल्याशिवाय घेऊ नका.

जाड बारचं म्हणाल तर बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, 22 मिमीच्या जागी 24 मिमी घातला तर सुमारे 42 टक्के कडक. पुढं बार कडक झाला की गाडी वळणात बाहेर ढकलली जाते, आणि कणकुंबीच्या पावसात ओल्या रस्त्यावर ते फार लवकर जाणवतं. शिवाय साधी सळी वाकवून वेल्डिंग केलेला बार स्प्रिंग स्टीलचा नसतो, त्याला हीट ट्रीटमेंट नसते, तो तडकतो. आपल्या उद्यमबागेतले कारागीर उत्तमच आहेत, पण हे काम त्यांच्या लेथचं नव्हे.

अजून एक, जे बरेच जण लक्षात घेत नाहीत. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (जंपर आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात असतात ती) 40 मिमी खाली घेतल्यावर लोअर आर्म चाकाकडं वर चढतात आणि रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या वजनाचा मध्य जेवढा खाली येतो त्याहून जास्त खाली जातो, म्हणून गाडी खाली आली तरी वळणात कलण्याचा जोर कमी होत नाही, उलट वाढू शकतो आणि बारवरच जास्त काम पडतं. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे, कापलेल्या स्प्रिंग काढा आणि 15-20 मिमीच खाली घेणाऱ्या, तुमच्या गाडीच्याच लोअरिंग स्प्रिंगची जोडी बसवा. बसवताना लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा, हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो. मग अलाइनमेंट करून घ्या.

प्रश्न: निपाणीहून लिहितोय, गाडी कंपनीचीच आहे, पण पाऊस पडला की पुढून किर्र किर्र वाजतं. बार गेला काय?

उत्तर: बार क्वचितच जातो. मधले रबरी बुश बघा, कडक झाले असतील तर नवे घाला, आणि वंगण लावायचंच असेल तर सिलिकॉनचं लावा, साधं ग्रीस रबराला फुगवतं.