एडमंटनचा पहिला हिवाळा, जुनी कोरोला: घरी स्वतः काय काय करता येईल?

तुम्ही पुण्याहून नुकतेच कॅनडातल्या एडमंटनला आलात, जुनी कोरोला घेतलीत आणि विचारताय की थंडीआधी गॅरेजचा खर्च न करता अंगणात कोणती कामं उरकता येतील. मी इथे अकरा हिवाळे काढलेत, त्यातले नऊ जुन्या कोरोलावरच. सप्टेंबरातच विचारलंत हे फार बरं केलंत. ऑक्टोबरात केव्हाही बर्फ पडतो आणि मग उघड्या बोटांनी लोखंडी पाना धरवत नाही.

आधी बॅटरी बघा. उणे १८ अंशांना तिची निम्म्याहून जास्त ताकद जाते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. चार्ज करूनही टिकत नसेल तर आत्ताच बदला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येतो आणि शिसं स्वच्छ दिसायला लागतं. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी.

खरं कष्टाचं काम टायरचं. आपल्या अल्बर्टा प्रांतात विंटर टायरची सक्ती नाही (क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च आहे), पण सक्ती नाही म्हणून टाळू नका. साध्या टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होत जातं, ब्रेक दाबला तरी गाडी घसरत पुढे जाते. विंटर टायर स्वतंत्र स्टीलच्या रिमवर बसवूनच घ्या. एकदाच पैसे जातात, पुढे दर वर्षी अदलाबदल घरी होते.

दुसऱ्या वर्षी मी हे काम मागच्या अंगणात गवतावर करत होतो. आदल्या दिवशीच्या पावसाने माती मऊ झाली होती. चाक काढलं आणि जॅक हळूच कलला. गाडी धप्पकन ब्रेकच्या डिस्कवर बसली. माझा हात वीतभर लांब होता. म्हणून कळकळीने सांगतो: पक्क्या सपाट काँक्रीटवरच करा, हँडब्रेक ओढा, जे टोक उचलणार नाही त्या बाजूच्या चाकांना दगड लावा, गाडी उचलल्यावर खाली जॅक स्टँड (पक्का लोखंडी टेकू) ठेवा आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करून घ्या. इथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे चाक गंजून हबला (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) चिकटतं. टायरला मागून रबरी हातोड्याने ठोकलं की सुटतं. नवं चाक चढवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा, नाहीतर चाक सपाट बसत नाही आणि नट ढिले पडतात. आवळताना समोरासमोरचे घ्या, शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) वापरा. माझ्या कोरोलाला १०३ न्यूटन-मीटर लागतात, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

काचेवर मारायचं उन्हाळी पाणी संपवून उणे ४० अंशांपर्यंत न गोठणारं भरा. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) स्वस्तातल्या टेस्टरने मोजा, इंजिन गार असतानाच झाकण उघडा. निम्मं पाणी, निम्मं अँटिफ्रीझ असेल तर साधारण उणे ३७पर्यंत गोठत नाही. सांडलं तर लगेच पुसा, ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं. टायरची हवा दर महिन्याला तपासा. तापमान साडेपाच अंश उतरलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होते.

ब्रेक मात्र पहिल्या वर्षी गॅरेजलाच द्या.

आणि पुढच्या जाळीतून लोंबणारा प्लग दिसतोय का? तो ब्लॉक हीटरचा, म्हणजे थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरचा. एखाद्या गार सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाहेर चालणाऱ्या जाड एक्स्टेन्शनला लावा आणि बॉनेटजवळ कान न्या. थोड्या वेळात बारीक सूं-सूं ऐकू आलं तर तो चालू आहे.