वायफायचा ३ नंबर चॅनल रिकामा दिसतो म्हणून तिथं जाऊ नका

भाऊ, रात्री आठनंतर पोरीची ऑनलाइन ट्यूशन अडकते, फोनवर वायफायच्या काड्या फुल, सकाळी मात्र सगळं मस्त, आता नवीन राउटर घेऊ का, हे तुमचं वाचून मला माझाच मागचा उन्हाळा आठवला. नागपूरला मनीषनगरात आमची फ्लॅट स्कीम, सेम हाल होते. राउटर इतक्यात घेऊ नका. आधी चॅनल बघा, म्हणजे राउटर हवेतल्या कोणत्या नंबरच्या पट्ट्यावर बोलतो ते. सेटिंगचं पान कसं उघडायचं ते राउटरच्या बुडाच्या स्टिकरवर असतं, त्यात शिरत नाही.

माझी घोडचूक ऐका. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकलं, म्हणजे आजूबाजूचे राउटर कोणत्या चॅनलवर आहेत ते दाखवणारं अ‍ॅप, तर १, ६ अन् ११ वर शेजाऱ्यांची ही गर्दी, आणि ३ वर चिटपाखरू नाही. म्हटलं वा, मोकळा प्लॉट सापडला! ३ लावला आणि होतं नव्हतं तेही गेलं. दीड महिना कळलंच नाही काहून. भानगड अशी की वायफायचे दोन बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; त्यातल्या २.४ मध्ये लागून असलेल्या दोन चॅनलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ, पण प्रत्येकाला जागा लागते २० ची, म्हणजे ३ वर बसलं की १ वाल्यांचाही कल्ला अन् ६ वाल्यांचाही. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीनं बोलतात, अर्धवट चढलेल्याचं मात्र काही कळत नाही, नुसती खरखर. म्हणून १, ६, ११ पैकीच घ्या, आणि नावं मोजू नका, जोरात येणारे सिग्नल कुठं कमी ते बघा. विड्थ, म्हणजे चॅनलची रुंदी, २० च ठेवा, ४० केली की अर्धा बँड तुम्हीच खाता. १३ आपल्याकडे चालतो, पण माझ्या जुन्या प्रिंटरला तो दिसायचाच नाही.

या दीड महिन्यात कस्टमर केअरनं काय केलं विचारा. तक्रार टाकली की संध्याकाळी मेसेज, "समस्या सोडवली आहे". कोणी सोडवली बाप्पा? शेवटी एक पोरगा आला, स्वतःच्या लॅपटॉपला वायर लावली, ९५ चा स्पीड दाखवला, "लाइन क्लिअर आहे काका, प्लॅन वाढवून घ्या". मी वाढवला पण! लाइन खरंच क्लिअर होती हो, पण बिघाड वायरीच्या पुढं हवेत आहे एवढं एक वाक्य कोणी बोललं नाही, त्या वाढवलेल्या प्लॅनचे वर्षभराचे पैसे गेले.

चॅनल ऑटोवर टाका, राउटरच निवडेल, म्हणणारे भेटतील. बरेच राउटर चालू होतानाच एकदा चॅनल निवडतात, दुपारी रीस्टार्ट केला तर दुपारची गर्दी बघून. माझं तरी त्यानं जमलं नाही, तुमचं मॉडेल वेगळं असू शकतं.

ट्यूशनचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या, ५ च्या वायफायला वेगळं नाव द्या म्हणजे लॅपटॉप गुपचूप २.४ वर पळणार नाही. एक-दोन भिंतींपलीकडे ५ दम तोडतो हे धरून चला. ५ मध्ये चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे घ्या. ५२ ते १४४ मध्ये राउटरला रडारवर कान ठेवावा लागतो, चाहूल लागली की चॅनल सोडावाच लागतो. आम्ही सोनेगाव विमानतळाच्या जवळ, १०० वर ठेवलं की मधेच नाव गायब व्हायचं. रडारमुळंच असं छातीठोक सांगत नाही, पण ३६ वर आणल्यापासून एकदाही नाही झालं.

आणि राउटर खिडकीत कूलरच्या मागं असेल तर आधी तिथून काढा. पत्र्याची बॉडी अन् ओल्या ताट्या, सिग्नल तिथंच मरतो. बदल केल्यावर तपासा मात्र रात्री साडेआठलाच, दुपारी तर कोणताही चॅनल भारी वाटतो.