पणजीतल्या जुन्या तावेर्नात जायचं असेल तर

तुम्ही विचारलंय, की एप्रिलमध्ये नवरा-बायको पणजीला येताय, किनाऱ्यावरच्या मोठ्या पबऐवजी एखाद्या छोट्या जुन्या तावेर्नात, म्हणजे गावठी दारूच्या गुत्त्यात बसायचं आहे. तिथे परक्या माणसांना चालतं का, मागवायचं काय आणि बाईमाणसाला अवघडल्यासारखं होतं का. मी पणजीतच राहतो आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जरूर जा. आणि एप्रिल निवडलात हे उत्तम केलंत, कारण तो हुर्राकचा महिना आहे. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या आंबलेल्या रसाची पहिल्या धारेची दारू. फेणीपेक्षा खूप सौम्य आणि वासाला फळासारखी. मार्चच्या सुमारास ती तावेर्नात येते आणि पाऊस लागला की संपते. ती फार काळ टिकत नाही, त्यामुळे हंगामाबाहेर ती सहसा मिळत नाही. हुर्राक प्यायची तर हंगामात, आणि इथे येऊनच.

तावेर्न समजून घ्यायचं तर आधी भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी, समजून घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, पण बोंडांपासून दारू गाळायची ही रीत इथली. सत्तरी, पेडणे, काणकोणच्या डोंगरउतारांवर बोंडं पिकून आपोआप खाली पडतात तेव्हाच ती वेचतात. झाडावरून तोडत नाहीत. बी पिरगळून काढायची, बोंडं कातळात कोरलेल्या खड्ड्यात पायांनी तुडवायची. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलींनी आवळून वर जड धोंडा ठेवला की त्यातून ठिबकतो तो निरो. तो गोड असतो, ताजा ताजा पितात, लहान मुलंसुद्धा. तुडवलेला रस आंबवून भाटीवरच्या भाणात (मोठ्या भांड्यात) उकळला की हुर्राक मिळते. त्याच हुर्राकमध्ये आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळली की फेणी, साधारण ४२ ते ४५ टक्क्यांची. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय म्हणून मान्यता दिली. त्याआधी सरकारदरबारी ती फक्त 'देशी दारू' होती. इतक्या कष्टाच्या कारागिरीला तेवढीच ओळख असावी, याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे.

म्हणून तावेर्नात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. "पात्रांव, ही कुठल्या गावची?" असं विचारा. गोव्यात मालकाला, मित्राला, कोणालाही आपुलकीने पात्रांव म्हणतात. चांगल्या तावेर्नवाल्याची भाटी ठरलेली असते. वर्षानुवर्षं त्याच घराकडून माल येतो, आणि त्याबद्दल सांगायला त्याला आवडतं. मालक कोकणीत बोलेल, तुम्ही मराठीत बोला. काहीही अडत नाही.

हुर्राक इथे बहुतेक जण लिम्कात घालून, लिंबू पिळून, मीठ टाकून आणि हिरवी मिरची उभी चिरून पितात. उन्हाळ्यात याहून चांगलं काही नाही. पण आधी एक घोट नुसता घ्या, म्हणजे बोंडाचा वास कळेल. फेणीचंही तसंच. तिच्या वासाने नवखी माणसं मागे सरतात, पण बऱ्याचदा त्यांना मिळालेली फेणीच निकृष्ट असते. नीट गाळलेल्या फेणीला पिकलेल्या फळाचा दणदणीत वास येतो, घशाला ओरखडे पडत नाहीत. थोडी घ्या आणि हळू घ्या.

नारळाची फेणी मिळाली तर सोडू नका. ती मुख्यत्वे दक्षिण गोव्यातली, माडाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून गाळलेली. सूर काढणारा रेंदेर रोज पुन्हा पुन्हा माडावर चढतो. नव्या पिढीत हे काम करणारे कमी होत चालले आहेत, म्हणून ती आता सगळीकडे मिळत नाही. काही ठिकाणी दुकशिरीची फेणीही असते. दुकशिरी म्हणजे आपली अनंतमूळ. तिची मुळं फेणीत मुरवतात, त्याने रंग आणि सुगंध दोन्ही बदलतात. माझी सगळ्यात आवडती हीच.

जागेचं म्हणाल तर सांतोमे, फोंतेन्हास आणि मळा हा पणजीतल्या जुन्या वस्त्यांचा भाग पायी फिरा. सांतोमेमधला जोसेफ बार आता बाहेरच्यांनाही ठाऊक झालाय. इवलीशी जागा, लोक ग्लास घेऊन दारात उभे असतात. तिथे बायका, मुली निःसंकोच येतात, तुमच्या सौभाग्यवतींना अजिबात परकं वाटणार नाही. पाटी नसलेली, चार बाकं आणि काचेच्या मोठ्या गराफांवांची (फुगीर बाटल्यांची) रांग असलेली तावेर्नं मात्र प्रामुख्याने त्या वस्तीतल्या पुरुषांची असतात. तिथेही कोणी बाईला वाईट वागवत नाही, पण सगळे क्षणभर गप्प होतात. तो क्षण जाऊ द्या. नमस्कार करा, कोपऱ्यातलं बाक घ्या, पाच मिनिटांत फुटबॉलच्या गप्पा पुन्हा सुरू होतात. संध्याकाळी लवकर गेलात तर जास्त बरं. दुपारी जाऊ नका, त्या वेळी अर्धी पणजी झोपलेली असते.

एक कळकळीची विनंती. फोंतेन्हासमध्ये लोक राहतात. फोटोंसाठी येणाऱ्यांच्या गर्दीने ते इतके वैतागले आहेत, की कित्येक घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लागल्या आहेत. तावेर्नातही तसंच समजा. कामावरून सुटून निवांत बसलेल्या माणसाचा चेहरा तुमच्या मोबाइलमध्ये त्याला न विचारता जाऊ नये. ग्लास घेऊन गल्लीत लांबवर भटकणं, कोणाच्या पायरीवर बसणं, मोठ्याने गाणी लावणं यामुळे शेजाऱ्यांची तक्रार जाते, आणि त्रास होतो तो तावेर्नवाल्याला.

खायला फार अपेक्षा ठेवू नका. उकडलेली अंडी, चणे, कुठे चोरीस-पाव (गोव्याचं सॉसेज आणि पाव), कुठे तळलेली मासळी. पोटभर जेवणासाठी तावेर्न नसतंच. बाहेर पडल्यावर एखादा गाडा गाठून रस ऑम्लेट खा: ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे मसालेदार रश्श्याचा गरम रस, सोबत पाव.

भाड्याची स्कूटर मात्र त्या संध्याकाळी हॉटेलवरच ठेवा. पणजी लहान आहे, चालत होतं. नाहीतर टॅक्सी करा, एकट्याला जायचं असेल तर पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचा पायलट, म्हणजे मागे बसवून नेणारा भाड्याचा मोटरसायकलवाला आहे. फेणी घरी न्यायची असेल तर परवान्याचे नियम आधी पाहून घ्या आणि बिल जपून ठेवा. हुर्राक नेण्याच्या फंदात पडू नका. उन्हातल्या प्रवासात तिची चव जाते.

येण्याची तारीख ठरली की इथेच खाली लिहा. त्या आठवड्यात सत्तरीतल्या भाट्या चालू असतील तर वाळपईच्या बाजूला सकाळी कसं जायचं तेही सांगेन. चालू भाटी एकदा पाहिलीत की संध्याकाळच्या ग्लासात काय आहे हे मला वेगळं सांगावं लागणार नाही.