सीके-एमबी वाढलं म्हणजे हार्टचंच असते का?

प्रश्न: माहा पोरगा २१ वर्षाचा, पोलीस भरतीची तयारी करून राहिला. परवा १६०० मीटर अन् गोळाफेक दोन्ही जोरात केलं, दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या का खाली बसता येईना. लॅबमधी रक्त दिलं तर सीपीके १८४०, सीके-एमबी ५२. लॅबवाला म्हणे एमबी हार्टचं असते. छातीत काहीच दुखत नाही, पण घरात रडारड सुरू हाय. काय समजायचं?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: भाऊ, पहिले घरच्यांना धीर द्या. सीपीके म्हणजे क्रिएटिन कायनेज (सीके म्हणतात ते पण हेच), स्नायूला झटक्यात ताकद पुरवणारं एन्झाइम. गोळा फेकताना स्नायूतलं एटीपी, म्हणजे ताकदीचं इंधन, दोन-तीन सेकंदात संपायला येतं, तेव्हा हे एन्झाइम फॉस्फोक्रिएटिन नावाच्या राखीव साठ्यातून ते लगेच भरून देतं. सवयीपेक्षा जास्त ताण पडला की ते स्नायूतून रक्तात उतरतं, एक ते तीन दिवस वर चढत जातं. कमरेत सुई घेतली तरी वाढतं बाप्पा.

आता एमबीची गोम ऐका. ह्या एन्झाइमचे भाग जोडीनं असतात, एम अन् बी. हातापायाच्या स्नायूत जवळपास सगळं एम-एम, हृदयात त्यासोबत बऱ्यापैकी एम-बी, मेंदूत बी-बी. बऱ्याच लॅबच्या किटमध्ये एमला ओळखणारी अँटीबॉडी असते, ती एमला चिकटून त्याचं काम बंद पाडते, मग जेवढं काम उरलं ते बीचं धरायचं, त्याची दुप्पट करायची अन् रिपोर्टवर सीके-एमबी म्हणून छापायचं. म्हणजे किट असं असेल तर तुमचा ५२ थेट मोजलेला नाहीच, उरल्यासुरल्यावरून काढलेला आहे. त्यात हातापायाच्या स्नायूतही थोडं एम-बी असतंच, एकूण सीपीके एवढं चढल्यावर तेही चढणार. म्हणून मी आधी टक्का बघतो. १८४० मध्ये ५२ म्हणजे तीन टक्क्यांच्या आत, अन् हार्ट अटॅकमध्ये ह्या पद्धतीनं साधारण सहाच्या वर जातं. हे न सांगता नुसतं 'हार्टचं असते' म्हणणं मला अजिबात पटत नाही.

तरी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवाच, ईसीजी अन् ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या, हृदयासाठी तीच आता भरवशाची तपासणी. आठवडाभर पळणं बंद, पाणी भरपूर, मग सीपीके परत करा. अन् लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा, किडनीवर येऊ शकतं.