कॅल्क्युलेटर म्हणतो २३.९९९९९५

प्रश्न : सर, नमस्कार. कराडला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सातवीतल्या मुलीला वर्गात कोडं घातलं: ३, ३, ८, ८ हे आकडे एकेकदाच वापरून, चार साध्या क्रियांनी २४ आणायचे. तिने ८ ÷ (३ − ८ ÷ ३) असं लिहिलं. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर पायरीपायरीने केलं तर २३.९९९९९५ आलं. मग उत्तर चूकच ना? आणि हे असलं सुचतं तरी कसं?

उत्तर : कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि आधी पोरीची पाठ थोपटा. आठ भागिले तीन म्हणजे २.६६६..., सहा संपतच नाहीत. तुमच्या यंत्रात जागा आठच आकड्यांची, म्हणून त्याने शेपूट छाटून २.६६६६६६६ धरले. ते तिनातून गेल्यावर उरले ०.३३३३३३४. आठाला त्याने भागलं आणि छाटणीचा तोटा उत्तरात उतरला. अपूर्णांकात करून बघा: ३ म्हणजे ९/३, त्यातून ८/३ गेले, राहिला १/३. आठाला एक तृतीयांशाने भागायचं म्हणजे तिनाने गुणायचं. चोख २४, दमडीही कमी नाही.

आता सुचण्याचं. आठ त्रिक चोवीस तोंडपाठ, त्यामुळे जो तो आधी ८ × ३ वर झडप घालतो. मग उरलेल्या ३ आणि ८ मधून शून्य किंवा एक काढायचा, तो काही निघत नाही. वर्गात मी मुलांना उलटीकडून यायला लावायचो. शेवटची क्रिया एका ८ ची धरा. बाकीच्या ३, ३, ८ कडून काय हवं? बेरजेसाठी १६, वजाबाकीसाठी ३२, गुणाकारासाठी ३, भागाकारासाठी १९२. आणि ८ स्वतःच भाज्य असेल तर १/३. पहिले चार येत नाहीत हे वहीच्या मागच्या पानावर पटकन कळतं. पाचव्याला बहुतेक मुलं हातच लावत नाहीत. उत्तर पूर्णांक, तर वाटेतही पूर्णांकच हवेत, असा पक्का समज. तो आपणच करून दिलेला असतो, हे जाता जाता.

आता तिला १, ५, ५, ५ द्या. शेवटी पाचाने गुणायचं, म्हणजे बाकीच्या तिघांतून ४.८ काढायचे, एवढंच सांगा.

प्रश्न : कुठलेही चार अंक घेतले तरी २४ येतातच का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : छे! १, १, १, १ मधून कितीही झटलात तरी ४ च्या वर जाता येत नाही. १ ते ९ मधले चार अंक, तोच अंक पुन्हा चालेल असं धरून, निवडायचे ४९५ प्रकार आहेत. त्यातले ४०४ सुटतात, ९१ नाही. चारही सारखे असतील तर ३, ४, ५ आणि ६ चं जमतं, बाकीचे अडतात. मला त्यातलं पाचांचं देखणं वाटतं: ५ × ५ − ५ ÷ ५.

अमेरिकेत रॉबर्ट सन यांनी १९८८ साली या खेळाचा संच काढला. त्यातलं प्रत्येक कार्ड सुटणारंच असतं. चीनमध्ये मात्र हा खेळ साध्या पत्त्यांवर चालतो, राजाचे १३ धरून. तिथे न सुटणारी चौकडी निघायचीच. घरी खेळताना सगळ्यांनी हात टेकले की पानं गोळा करून पुन्हा पिसा.